"उंदरांना दिसू लागलं" या बातमीवरून आरपीचा निर्णय घेऊ नका

तुमच्या धाकट्या भावाला रेटिनायटिस पिगमेंटोसा (आरपी) आहे, म्हणजे डोळ्याच्या पडद्यातल्या (रेटिनातल्या) प्रकाशसंवेदी पेशी मरत जाण्याचा आनुवंशिक आजार, आणि प्रकाशसंवेदी पेशी बसवून उंदरांना दृष्टी आल्याचं वाचून स्टेम सेलचं इंजेक्शन घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. पैसे भरून तर कुठेही घेऊ नका.

लंडनमध्ये संशोधक रॉबिन अली यांच्या गटाने 2012 साली हे दाखवलं. उंदराच्या पिल्लांच्या अजून पूर्ण न पिकलेल्या दंडपेशी (अंधुक उजेडात पाहणाऱ्या प्रकाशसंवेदी पेशी), एका टोचणीत सुमारे दोन लाख, पडद्याखाली सोडल्या आणि रातांधळे उंदीर अंधुक उजेडात वाट शोधू लागले. पण त्या उंदरांच्या स्वतःच्या दंडपेशी जागेवर होत्या; त्यांत फक्त प्रकाशाचा संकेत पुढे नेणारं ट्रान्सड्युसिन हे प्रथिन नव्हतं. आरपीत पेशीच मरतात, हा फरक फार मोठा आहे.

त्यात 2016 साली आणखी एक गोष्ट कळली. बसवलेल्या पेशी ओळखता याव्यात म्हणून त्यांत हिरवं चमकणारं प्रथिन असतं. नराच्या पेशी मादीत घालून फक्त नरात असणारं वाय गुणसूत्र शोधलं, तर चमकणाऱ्या बहुतेक पेशींत ते सापडलंच नाही. म्हणजे त्या रोपण घेणाऱ्या मादीच्याच पेशी. दात्याकडून त्यांना प्रथिनं मिळाली होती. दृष्टी सुधारली ती नवी जोडणी होऊन की उसन्या ट्रान्सड्युसिनमुळे, हा प्रश्न तिथून उभा राहिला. मात्र 2021 साली ज्यांच्या प्रकाशसंवेदी पेशी जवळजवळ संपल्या होत्या अशा उंदरांत मानवी शंकुपेशी (भर उजेडात आणि रंग पाहणाऱ्या पेशी) घातल्यावर प्रकाशाला प्रतिसाद मिळाला. म्हणून या वाटेवर माझा विश्वास आहे.

माणसात डोळ्याच्या आतला जेलीसारखा काचद्रव काढून, बारीक सुईने पडदा किंचित उचलून त्याखाली पेशी सोडतात. छिद्रातून पेशी मागे गळतात, व्रणाचा थर जोडणी अडवतो, शरीर त्या नाकारू शकतं. पेशी पूर्ण घडलेल्या नसतील तर गाठीची भीती. जपानमध्ये कोबे इथे 2020 पासून दोन आरपी रुग्णांत पडद्याचे इवलेसे तुकडे बसवले. दोन वर्षं टिकले, गंभीर त्रास झाला नाही. तो प्रयोग सुरक्षितता तपासण्यासाठी होता. वाचता येण्याइतकी नजर त्यातून आलेली नाही. (2014 साली तिथेच झालेलं रोपण प्रकाशसंवेदी पेशींचं नव्हतं, तर त्यांच्यामागे असणाऱ्या, त्यांना आधार देणाऱ्या रंगद्रव्य थराच्या पेशींचं होतं. या थराच्या पेशींना चेतापेशींशी जोडणी करावी लागत नाही, त्यामुळे ते काम तुलनेने सोपं.)

अमेरिकेत एका क्लिनिकने पोटाच्या चरबीतल्या पेशी एकाच दिवशी दोन्ही डोळ्यांत टोचल्या आणि तीन स्त्रियांची दृष्टी गंभीरपणे गेली. हे 2017 साली प्रसिद्ध झालं. म्हणून कोणी चाचणी म्हणत असेल तर सीटीआरआयचा (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक मागा, कोणत्या पेशी आणि डोळ्यात नेमक्या कुठे सोडणार ते विचारा. फी मागितली किंवा दोन्ही डोळे एकदम करू म्हणाले, तर उठून या.

आत्ता करायचं ते जनुकीय तपासणी आणि ओसीटी (पडद्याचे थर दाखवणारं स्कॅन). दोष आरपीई65 या जनुकात निघाला आणि पेशी पुरेशा शिल्लक असतील, तर 2017 साली अमेरिकेत मान्यता मिळालेला जनुकीय उपचार आहे. तो जिवंत पेशींवरच चालतो, म्हणून तपासणी लांबवू नका.