भाऊ गेल्यानंतर देव पूर्णपणे चांगला आहे असं कसं मानायचं?

तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. धाकटा भाऊ दुचाकीच्या अपघातात गेला. भेटायला आलेली ख्रिस्ती मैत्रीण म्हणाली, देव पूर्ण चांगला आहे, त्याच्यावर भरवसा ठेव. आणि तुम्ही विचारताय, हे ती मनापासून बोलली की तोंडाला सवय झालीय म्हणून? तिच्या मनातलं मी कसं सांगू? पण मी स्वतः ख्रिस्ती आहे, मूळची नगरची, लग्न होऊन गोव्यात वास्कोला आले, आणि सहा वर्षांपूर्वी माझे यजमान गेले. म्हणून माझ्यापुरतं सांगते.

मी मनापासून मानते. मात्र तुमच्या भावाचं जाणं चांगलं होतं, असं मानायला आमचा विश्वास तुम्हाला सांगत नाही. तसं कुणी सांगितलं असेल तर ते मनावर घेऊ नका. बायबलमध्ये येशूचा प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, करिंथकरांना, पत्र लिहितो तेव्हा मृत्यूला शत्रू म्हणतो, शेवटचा शत्रू. आणि योहानाच्या पत्रात आहे की देव प्रकाश आहे, त्याच्यात अंधार मुळीच नाही. देव थोडा चांगला आणि थोडा लहरी असता, तर मृत्यू ही त्याचीच एक लहर म्हणून मान खाली घालावी लागली असती. तो पूर्ण चांगला आहे म्हणूनच मी वाईटाला वाईट म्हणू शकते, त्याच्यासमोर बसून म्हणू शकते.

हे मला आधीपासून कळत होतं असं नाही. यजमानांची तीन वर्षं डायलिसिसवर गेली. मंगळवार, गुरुवार, शनिवार. पहाटे निघायचं, कुठ्ठाळीवरून झुआरीचा जुना पूल ओलांडून बांबोळी, तिथे चार तास, आणि परत. त्यांच्या डाव्या हातात फिस्टुला केला होता, म्हणजे धमनी शिरेला जोडून दिली होती. त्यावर बोटं ठेवली की आत सतत थरथर लागायची, मांजर पोटाशी घेतल्यावर लागते तशी. ती थरथर म्हणजे रक्त वाहतंय. रोज रात्री दिवा मालवल्यावर मी हात तिथे ठेवायचे आणि मगच झोपायचे. ती माझी प्रार्थना होती असं म्हटलं तरी चालेल, कारण शब्द तेव्हा सुचतच नव्हते.

ते गेल्यावर घरी आलेल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी पौलाच्याच रोमकरांस पत्राचं वचन ऐकवलं: देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. मला इतका राग आला की मी आत निघून गेले. पुढे कित्येक महिन्यांनी त्या पत्राचा तो आठवा अध्याय शेवटपर्यंत वाचला. त्या ओळीनंतर थोड्याच अंतरावर पौल दुष्काळ, नग्नता, तलवार यांची नावं घेतो, आणि ‘दिवसभर आमचा वध होत आहे’ हे गाऱ्हाणं बायबलमधल्या ४४व्या स्तोत्रातून उचलून तिथे ठेवतो. ज्या पानावर कल्याण आहे त्याच पानावर ते रडगाणंही आहे. त्या गृहस्थांचं वचन खरंच होतं, फक्त त्यांनी ते मधूनच तोडून आणलं होतं. आणि पौल भरवशाचं कारण देतो ते एकच: ज्याने स्वतःच्या पुत्राला, येशूला, राखून ठेवलं नाही, तो बाकी काय राखून ठेवणार?

इथे तुम्ही विचाराल की पुत्र दिला म्हणजे काय, त्याने माझा भाऊ परत येतो का? नाही येत. पण योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय वाचा असं मी तुम्हाला मुद्दाम सांगेन, कारण तिथेही बहिणी आहेत आणि भाऊ गेलेला आहे. बेथानी गावच्या मार्था आणि मरिया. भाऊ लाजर आजारी म्हणून त्यांनी येशूला निरोप धाडला, आणि निरोप मिळूनही तो दोन दिवस आहे तिथेच राहिला. पोहोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था वाटेतच गाठून म्हणते, ‘प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता.’ थोड्या वेळाने मरिया येते आणि तीही शब्दाला शब्द हेच म्हणते. चार दिवस त्या घरात दोघी एकमेकींशी हेच बोलत असणार, असं मला नेहमी वाटतं.

येशू दोघींपैकी कुणालाही गप्प करत नाही. मार्थाशी तो पुनरुत्थानाचं बोलतो. मरियेला तो काहीच समजावत नाही, तिच्याबरोबर रडतो. पाच मिनिटांनी लाजराला हाक मारून कबरेतून जिवंत बाहेर काढायचं आहे हे ठाऊक असूनही रडतो! उशीर का केला याचं पुरतं समाधान मला त्या अध्यायात आजही मिळत नाही. पण दुसरी एक गोष्ट मिळते. शिष्यांनी त्याला बजावलं होतं की यहूदीयात, म्हणजे बेथानी ज्या प्रांतात आहे तिथे, तुझ्यावर दगड उचलले होते, पुन्हा तिकडे जातोस? तो गेला. आणि लाजर जिवंत झाल्याची बातमी यरुशलेमेत पोहोचली तेव्हा अधिकाऱ्यांनी त्याला मारायचा निश्चय केला. एका बहिणीच्या भावाला कबरेतून बाहेर काढायची किंमत त्याने स्वतःच्या कबरेने भरली. मी देवाला चांगलं म्हणते ते माझ्या आयुष्याचा हिशेब जुळला म्हणून नाही, याच्यामुळे म्हणते. आणि तिसऱ्या दिवशी ती कबरही रिकामी सापडली, म्हणून मला यजमान पुन्हा दिसतील असं मी मानते.

गोव्यात हे बोलणं नवं नाही, आणि मराठीतही नाही. इंग्लंडहून आलेले धर्मगुरू फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण, म्हणजे मराठी ओव्यांतली ख्रिस्ताची कथा, १६१६ साली इथल्याच रायतूरला छापलं गेलं, दहा हजारांहून जास्त ओव्या. त्यातही श्रोते प्रश्न विचारतात आणि पाद्री उत्तर देतो. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूस चर्चचं नाव तर तुम्ही ऐकलंच असेल. पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ ‘चांगला येशू’. ते कॅथलिक चर्च आणि आम्ही प्रोटेस्टंट, तिथे उपासनेला जात नाही, पण ते नाव मला फार आवडतं.

त्याहून जास्त आवडतं ते इथलं आभार मानणं. कोकणीत आभार मानताना ‘देव बरें करूं’ म्हणतात, देव तुमचं भलं करो. डायलिसिसच्या खुर्चीवर यजमानांच्या हातात दोन जाड सुया जायच्या. त्यांची कोकणी शेवटपर्यंत कच्चीच राहिली, पण सुया टोचून झाल्या की ते दर वेळी सुया टोचणाऱ्या मुलाला हेच म्हणायचे. पहिल्या वर्षी मला ते नुसतं सौजन्य वाटलं. शेवटच्या महिन्यांत शीर सापडेना, तीन-तीनदा टोचावं लागायचं, त्या मुलाच्याच डोळ्यांत पाणी यायचं. तेव्हाही यजमान दात आवळून हेच म्हणाले. सवय होती का? होतीच. पण माझ्या डोळ्यांदेखत त्या सवयीने त्यांना उचलून धरलं, ज्या दिवसांत त्यांचं मन काहीच उचलू शकत नव्हतं. म्हणून मैत्रीण सवयीने बोलली असली तरी ती खोटं बोलली असं लगेच ठरवू नका.

शेवटी तुम्ही लिहिलंय की तिच्याशी बोलणं बंद करावंसं वाटतंय. करू नका. तिला घरी बोलवा आणि मला लिहिलंत ते वाक्य तिला जसंच्या तसं सांगा: ‘तुझा देव तिथे असता तर माझा भाऊ वाचला असता.’ तिने बायबल वाचलं असेल तर हे वाक्य कुणाचं आहे ते तिला लगेच कळेल. आणि ती समजवायच्या आधी तुमच्याजवळ बसून रडली, तर तिला बसू द्या.