स्टुडिओतलं पहिलं सत्र

माती, लाकूड, काच, विणकाम, सगळ्यालाच हात घालावासा वाटेल. तसं करू नकोस, एकच माध्यम धर. माती घेतलीस तर चाकावरून भांडं उतरलं की काम झालं असं समजू नकोस. ते चामड्यासारखं घट्ट झालं की बूड तासायचं, कान जोडायचा. जोडण्याआधी कान आणि भांडं जिथे जुळतात त्या दोन्ही बाजू खरवडून पातळ चिखल लावायचा, नाहीतर कान सुटून येतो. मग पूर्ण सुकू दे. ओल राहिली तर भट्टीत वाफ होऊन भांडं फुटतं, शेजारच्याचंही नुकसान होतं. सुकून-भाजून माती साधारण १० ते १२ टक्के आकसते, म्हणून माप आधीच मोठं घे. आणि हो, या सत्रातली शेवटची भट्टी कधी लागणार ते आजच विचारून ठेव. त्या तारखेवरून मागे मोजत काम आख.