वाचकांचे प्रश्न : पोपोलोका ही एक भाषा की अनेक?

प्रश्न : आमच्या जळगाव जामोद तालुक्यात निहाली बोलणारी थोडीच माणसे उरली आहेत. मेक्सिकोतील पोपोलोका भाषाही लोप पावत असल्याचे वाचले. ती निहालीसारखीच एकाकी आहे काय?
— एक शिक्षक, जि. बुलढाणा

उत्तर : नाही. निहालीचे कोणत्याही भाषाकुळाशी नाते सिद्ध झालेले नाही. पोपोलोका मात्र ओटो-मांगे या मोठ्या कुळातील असून माझातेक, चोचो आणि इश्कातेक या तिच्या जवळच्या भाषा होत. शिवाय ती एक भाषा नव्हे, तर पुएब्ला राज्याच्या दक्षिण भागात, तेहुआकान शहराच्या आसपासच्या कोरड्या मुलखात बोलला जाणारा भाषासमूह आहे, आणि त्यातील काही गावांची बोली दुसऱ्या गावच्या पोपोलोकांना नीट समजत नाही. स्वराच्या चढउताराने येथे शब्दाचा अर्थच बदलतो.

2020 च्या जनगणनेनुसार या भाषा बोलणारे वीस हजारांहूनही कमी आहेत. मेक्सिकोने 2003 मध्ये भाषिक हक्कांचा कायदा करून स्थानिक भाषांना राष्ट्रीय भाषा मानले. परंतु शाळा, बाजार आणि नोकरी स्पॅनिशमध्येच चालत असल्याने घरातील मुले तिकडे वळतात. आपल्याकडील कोरकू ही आदिवासी भाषा बोलणाऱ्या पालकांना हे वेगळे सांगावयास नको. वेराक्रूझमधील पोपोलुका भाषा मात्र निराळ्याच कुळातील आहेत; नामसाम्यामुळे त्यांची गल्लत करू नये.