स्पॉकचा पोशाख अठराव्या शतकातल्या स्त्रीवेशात कसा शिवावा?

१९६६ च्या मूळ 'स्टार ट्रेक' मालिकेतला स्पॉक तुम्हाला अठराव्या शतकातल्या बाईच्या वेशात करायचाय, आणि निळ्या रेशमी घेरदार गाउनवर त्याच्या शर्टावरचं सोनेरी चिन्ह लावलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. दिसेल छान, लोक ओळखतीलही. पण मी असा गाउन करणार नाही. ते समारंभात मिरवायचे कपडे झाले, आणि स्पॉक हा कामावरचा माणूस आहे. अंतराळजहाजावरचा शास्त्रज्ञ, शिवाय कप्तानाच्या खालोखालचा अधिकारी. त्यामुळे रंग आणि चिन्ह घटकाभर बाजूला ठेवा. त्या काळी हे काम करणाऱ्याच्या अंगावर काय असायचं, ते आधी शोधा.

हे काम तेव्हा होतंच. १७६८ साली दर्यावर्दी जेम्स कुकच्या 'एन्डेव्हर' जहाजावरून जोसेफ बँक्स वनस्पतींचा अभ्यास करायला निघाला. बाईचंही उदाहरण आहे. बुगँव्हिल या दर्यावर्द्याच्या १७६६ ते १७६९ च्या फ्रेंच मोहिमेत झान बारे पुरुषाच्या वेशात, वनस्पतिशास्त्रज्ञ कोमेरसाँची मदतनीस म्हणून गेली होती. तिच्यासारखा पुरुषवेश नको असेल, तर तुमच्यासाठी नेमका पोशाख म्हणजे रायडिंग हॅबिट. घोडेस्वारीला आणि प्रवासात बायका तो घालत. कोट आणि वेस्टकोट पुरुषी बेताचे, खाली घेरदार स्कर्ट, आणि शिवणारेही पुरुषांचे कोट शिवणारे शिंपीच. नवऱ्याच्या पलटणीच्या गणवेशावरून हॅबिट शिवून घ्यायची चालही होती. जोशुआ रेनल्ड्सने काढलेलं लेडी वर्स्लीचं लाल हॅबिटमधलं चित्र जरूर पाहा. गणवेश बाईच्या अंगावर कसा आणायचा, याचा धडाच आहे तो.

कापड लोकरी घ्या. मूळ मालिकेतले सुरुवातीचे शर्ट वेलूरचे होते, म्हणून मखमलीचा मोह होईल. पण अठराव्या शतकात मखमल म्हणजे रेशमी आणि उंची, तिने पुन्हा दरबारी थाट येतो. तेव्हाचं ब्रॉडक्लॉथ, म्हणजे कोटाचं लोकरी कापड, इतकं घट्ट आटवलेलं असे की कापलेली कड न दुमडता तशीच ठेवली तरी सुटत नसे. तसं कापड मिळालं तर कोटाच्या कडा मोकळ्याच ठेवा, त्या काळचा कोट लगेच डोळ्यांत भरतो. निळा मध्यम घ्या, नीळ जरा कमी चढल्यासारखा. गडद निळा आणि त्यावर पांढरे कफ मात्र टाळा. ब्रिटिश आरमाराच्या अधिकाऱ्यांना १७४८ पासून निळा-पांढरा गणवेश होता, तुमचा शास्त्रज्ञ त्यांच्यातलाच एक वाटेल. (मैत्रिणींना सोबत घेणार असाल तर त्यातल्या एकीला लाल कोट द्या. मालिकेत जहाजावरचे सुरक्षारक्षक लाल शर्टात असतात, आणि त्या काळच्या ब्रिटिश जहाजांवर बंदोबस्ताला असलेले मरीन सैनिकही लाल कोटातच असत. इतकं चपखल जुळणारं दुसरं काही मला सापडलेलं नाही.)

सगळ्यात जास्त वेळ बेतण्याला द्या. आधी आतले 'स्टेज', म्हणजे त्या काळची कॉर्सेटसारखी घट्ट चोळी, शिवा, ती घालूनच मापं घ्या आणि मांजरपाटाचा कच्चा नमुना करा. आजच्या जॅकेटच्या बेतावर त्या काळचा कोट उतरत नाही. त्याची पाठ अरुंद असते, मुंढा (बाही जोडायची जागा) लहान आणि काखेत वर चढलेला, बाही कोपरात वळवलेली. कच्च्या नमुन्यात मुंढा सैल वाटला तर तो खाली कापू नका, उलट वर घ्या. हात उचलताना सगळा कोट वर ओढला जातो तो खोल मुंढ्यामुळे. अरुंद पाठीने खांदे आपोआप मागे जातात आणि छाती ताठ राहते. स्पॉक पाठीमागे हात बांधून उभा राहतो ना, त्या उभं राहण्याला हा बेत फार शोभतो. म्हणूनच मला हॅबिट गाउनपेक्षा सरस वाटतं. नाहीतर स्पॉक कपड्यांत दिसेल आणि उभं राहण्यात हरवेल. शिवणीला माया भरपूर ठेवा, विशेषतः पाठीला.

वेस्टकोट आणि स्कर्ट काळे. मूळ पोशाखात निळ्या शर्टाला काळा गळा आणि खाली काळी पँट आहे, तेच प्रमाण इथे येऊ द्या. गळ्याशी काळा स्टॉक बांधा, म्हणजे मानेभोवती घट्ट बसणारी पट्टी. सैनिकांच्या गळ्यात तो असायचाच. कफांवर सोनेरी फितीच्या दोन ओळी, स्पॉकच्या हुद्द्याप्रमाणे. तिसरी लावू नका.

राहिलं चिन्ह. ते बिल्ल्यासारखं टाचू नका. तेव्हाचे मानकरी आपल्या सन्मानाचा तारा कोटाच्या डाव्या छातीवर भरतकामात करून लावत, आणि मालिकेतलं चिन्हही डावीकडेच आहे. ते वेगळ्या कापडावर जरीने भरा, कड जाड कलाबतूने उठवा, आत लहान टिकल्या बसवा आणि मग कोटावर शिवा. आकार तळहाताहून लहानच ठेवा.

केसांना पावडर नको. ते मागे ओढून काळ्या फितीने बांधा आणि तिकोनी टोपी जरा उंचावर बसवा, म्हणजे टोकदार कान पूर्ण दिसतील.