घोड्याला ओटऐवजी तेवढाच मका दिला तर चालेल का?

500 किलोच्या, रोज मेहनत करणाऱ्या घोड्याला अंगात ताकद यावी म्हणून ओट बंद करून तेवढाच मका द्यावा का, असं तुम्ही विचारलंय. तेवढाच म्हणजे डब्याच्या मापाने तेवढाच असेल, तर कृपा करून देऊ नका. मी हेच केलं होतं. तिसऱ्या दिवशी घोडी पोटदुखीने गडाबडा लोळत होती. डॉक्टर वेळेवर आले म्हणून वाचली.

मका भरीव असतो. त्याच डब्यात तो ओटच्या साधारण दीडपट वजनाचा बसतो. त्यात ओटमध्ये स्टार्च 40 टक्क्यांच्या आसपास, तर मक्यात 65 ते 70. म्हणजे माप तेच, पण स्टार्च दुपटीहून जास्त. तो लहान आतड्यात पचायला हवा. ओटचा बऱ्यापैकी पचतो, कच्च्या मक्याचा बराचसा तसाच पुढे मोठ्या आतड्यात जातो. तिथले सूक्ष्मजीव तो झपाट्याने आंबवतात, आम्ल वाढतं, आणि मग पोटशूळ उठतो किंवा खुरांना लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या थराची वेदनादायक सूज, होतो.

त्या सूक्ष्मजीवांचं खरं अन्न म्हणजे चाऱ्यातले तंतू. तेही कर्बोदकच आहे, हे आपण विसरतो. तंतू सावकाश आंबून त्यांची मेदाम्लं होतात, ती रक्तात उतरतात आणि घोड्याला दिवसभर ऊर्जा पुरवतात. म्हणून आधी वाळलेलं गवत पुरेसं आहे का ते बघा. तुमच्या घोड्याला रोज कमीत कमी साडेसात किलो, शक्यतो 10 किलोपर्यंत हवं.

त्यावरही अंग धरत नसेल तर दाणा. एका वेळी शरीराच्या दर किलोमागे 1 ग्रॅमपेक्षा जास्त स्टार्च जाऊ देऊ नये असं मी पाळतो. तुमच्या घोड्यासाठी एका तोबऱ्यात ओट सव्वा किलोपर्यंत, मका मात्र 700 ग्रॅमच्या आत, आणि तोही वाफवून चपटा केलेला. साखर काढून उरलेला बीटचा चोथा भिजवून दिलात तर मला जास्त आवडेल. त्यात स्टार्च जवळजवळ नसतो आणि पेक्टिन हा विरघळणारा तंतू भरपूर, त्यामुळे ताकद मिळते पण आतडं बिघडत नाही.

काहीही बदलायचं झालं तर 10-14 दिवस घ्या. आणि घोड्याला पूर्वी लॅमिनायटिस झाला असेल तर दाण्याचा विचारच सोडा. गवतसुद्धा तासभर पाण्यात भिजवून, ते पाणी ओतून टाकून मगच द्या, म्हणजे त्यातली साखर कमी होते.