आमची क्लेरिक जर्मनीला चाललीय, आता काय?

डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, एकेक पात्र घेऊन मिळून गोष्ट खेळायचा खेळ. त्यावरचे या वेळचे बरेच प्रश्न एकाच दुखण्याचे आहेत, चालू कॅम्पेनमधून (सेशनमागून सेशन चालणाऱ्या गोष्टीतून) खेळाडू गेला किंवा जाणारे. म्हणून बाकी सगळं बाजूला ठेवून आज फक्त हेच घेतो.

प्रश्न: आम्ही पाच जण आणि डीएम मी (गोष्ट आणि राक्षस चालवायचं काम माझं), पुण्यात दीड वर्षं दर रविवारी डी अँड डी खेळतोय. क्लेरिक (देवाच्या शक्तीने जखमा बऱ्या करणारं पात्र) खेळणारी मैत्रीण नोकरीसाठी जर्मनीला चाललीय, तीन सेशन उरलेत. तिच्या कॅरेक्टरचं काय करू? आणि हीलर गेल्यावर पार्टी, म्हणजे आमच्या पात्रांची टोळी, टिकेल का?

उत्तर: तीन सेशन हातात आहेत हे खूप झालं, बहुतेकांना एकही मिळत नाही. आधी तिलाच विचारा. जग तुमचं असेल पण क्लेरिक तिची आहे, तिला मरायचंय, देवळात राहायचंय की दूर कुठे निघून जाऊन परतीची वाट मोकळी ठेवायचीय हे तिनेच ठरवायचं. मी एकदा न विचारता केलं होतं. आमच्याकडे रेंजर खेळणाऱ्याची बदली झाली, मला वाटलं रेंजर (रानात वावरणारा योद्धा) मेला तर गोष्टीला वजन येईल, म्हणून पुढच्याच सेशनला त्याला दरडीखाली गाडला. चार महिन्यांनी तो सुट्टीला आला, बॅगेतून कॅरेक्टर शीट काढली, एचपीच्या (पात्रात किती जीव उरलाय त्या आकड्याच्या) चौकटीत खोडून खोडून कागदाला भोक पडलेलं, आणि म्हणाला आज एक दिवस खेळू का. कोणाला काय बोलावं तेच सुचेना, शेवटी मीच सांगितलं, आणि त्याने शीट घडी करून परत आत ठेवली. ती घडी मला अजून आठवते.

खेळाडूच्या पात्राचं नाव जगात ठेवायची पद्धत या खेळात जुनी आहे. खेळ 1974 साली छापला गेला, तो बनवणाऱ्या दोघांपैकी एक गॅरी गायगॅक्स, त्यांच्या मुलाचं कॅरेक्टर होतं टेन्सर, अर्नेस्ट या त्याच्या नावाचीच अक्षरं फिरवून केलेलं. आज कोणीही विझार्ड (जादूगार) टेन्सर्स फ्लोटिंग डिस्क ही जादू टाकतो तेव्हा ते नाव घेतो. तुम्हीही क्लेरिकच्या नावाने एखादी धर्मशाळा उघडा, एखादं औषध तिच्या नावाने विकलं जाऊ द्या, वर्षभराने पार्टी तिथून गेली की बघा कसे सगळे थांबतात. तिन्ही सेशन मात्र निरोपात घालवू नका, शेवटच्या सेशनचा शेवटचा अर्धा तास तिचा. तिची ढाल कोणाला, पोशन (जादूचं औषध) कोणाला, हे तिलाच गेममध्ये वाटू द्या.

हीलरची काळजी थोडी कमी करा. हीलिंग वर्ड ही जखम भरायची जादू बार्ड (गायक) आणि ड्रुइड (निसर्गपूजक) या पात्रांनाही मिळते, पॅलाडिनकडे (धर्मयोद्धा) ले ऑन हँड्स, म्हणजे स्पर्शाने बरं करणं, असतं. यातलं कोणीच नसेल तर साधं हीलिंग पोशन 50 गोल्डला, 2 डी 4 + 2 (चार बाजूंचे दोन फासे, वर 2) म्हणजे सरासरी 7 एचपी, ते गावोगावी मिळू द्या. 2024 च्या नियमांत ते प्यायला बोनस अ‍ॅक्शनच लागते, म्हणजे पाळीतली मुख्य चाल मोकळी राहते, 2014 चे नियम वापरत असाल तर हा एक बदल उचलाच.

प्रश्न: आमचा फायटर पाच सेशन आलाच नाही. ग्रुपवर ब्लू टिक दिसते, उत्तर नाही. त्याचं कॅरेक्टर दुसरा मुलगा चालवतोय. काढून टाकू का?

उत्तर: आधी फोन करा, ग्रुपवर नाही, एकट्याला. घरी काय चाललंय आपल्याला माहीत नसतं. "येतोस की नाही" असं विचारू नका, "तुझी जागा ठेवू की सोडू, दोन्ही चालेल" असं विचारा, म्हणजे नाही म्हणायला त्याला जड जात नाही. आणि दुसऱ्याने चालवणं आजच थांबवा, एखाद्या सेशनला ठीक आहे, पण पाच सेशन चालवून उद्या फायटर डेथ सेव्ह (मरणाच्या दारात टाकायचा फासा) हुकून मेला तर भांडण त्या बिचाऱ्या मुलाच्या गळ्यात. फायटरला घोड्यांपाशी राखणीला बसवा.

प्रश्न: मलाच सोडायचंय. डीएम माझा मावसभाऊ आहे, त्याने खूप मेहनत घेतलीय, पण मला लढाया लांबल्या की कंटाळा येतो. "वेळ नाही" सांगितलं तर चालेल?

उत्तर: नका सांगू, कारण तो वेळ बदलेल. खरंच बदलेल, सगळ्यांना विचारून शनिवार करेल, मग तुम्ही दुसरं कारण शोधणार, आणि दोन महिन्यांनी त्याला कळेल तेव्हा जास्त लागेल. चहाला भेटा आणि सांगा, "दादा, तुझी गोष्ट मला आवडते पण तीन तासांची लढाई मला झेपत नाही, एक सेशन अजून येतो आणि थांबतो." एवढंच. त्याच्या चुका काढत बसू नका, त्याने विचारलं तर सांगा. ग्रुपवर टाकायच्या आधी त्याला कळायला हवं, हे नक्की बघा.

प्रश्न: पाचातले तीन गेले, दोघं उरलेत. कॅम्पेन बंद करू का?

उत्तर: त्या दोघांना विचारा, हो म्हणाले तर चालवा. फक्त लढाया आहेत तशा ठेवल्यात तर पहिल्याच दिवशी दोघं मरतील, कारण पाच जणांना एका राउंडला पाच अ‍ॅक्शन मिळायच्या त्या आता दोनच, राक्षसांच्या मात्र तेवढ्याच. एचपी कमी करण्याआधी राक्षसांची संख्या कमी करा, मोठ्या ड्रॅगनच्या तीन लेजंडरी अ‍ॅक्शन (दुसऱ्यांच्या पाळीनंतर मिळणाऱ्या जादा चाली) असतील तर एकच ठेवा. सोबतीला साइडकिक (मदतनीस पात्र) द्या, वॉरियर, एक्स्पर्ट, स्पेलकास्टर असे तीनच प्रकार आहेत, खेळाडूला सांभाळायला सोपे. आणि नाही म्हणाले तर ग्रुप नुसता म्यूट होऊ देऊ नका, गेलेल्या तिघांनाही एका शेवटच्या सेशनला बोलवा, लांब असतील त्यांना व्हिडिओ कॉलवर घ्या, आणि इतके दिवस ज्याच्या मागे होते त्या व्हिलनशी त्यांना लढू द्या.