आमवातात आंबट, डाळी, वांगं बंद केल्याने फरक पडतो का? आहाराने हा आजार बरा होतो का?

नाही. आमच्या वन्संना विचारलंत तर त्या हो म्हणतील, म्हणून त्यांच्याआधी मीच लिहिते.

मला रुमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात आहे. निदान झालं तेव्हा सकाळी तासभर मूठ वळायची नाही. कणीक नवरा मळायचा, कुकरचं झाकण मुलगा लावायचा, फडकं पिळणं तर सुटलंच होतं. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट ही या आजारावरची गोळी सुरू केली. त्याच सुमारास वन्सं आल्या आणि फ्रिजवर यादी डकवून गेल्या: चिंच, टोमॅटो, दही, वांगं, बटाटा, तूरडाळ, हरभरा, शेंगदाणे बंद. वातूळ म्हणे! उरलं काय, तर दुधी आणि मुगाचं पाणी.

आता गंमत बघा. मेथोट्रेक्सेटचा गुण यायलाच साधारण 6 ते 12 आठवडे लागतात. तेवढे दिवस मी दुधी गिळला, बोटांची सूज उतरली आणि श्रेय गेलं यादीला. प्रत्येक हळदीकुंकवात तेच, "हिला मी पथ्यावर बरी केली." आमचे हे शेजारी बसून मान डोलवणार. इकडे माझं हिमोग्लोबिन घसरलेलं, दंड सुकलेले. या आजारात स्नायू आधीच झिजतात, त्यात डाळ-दही काढल्यावर प्रथिनं येणार कुठून? डॉक्टरांनी यादी वाचली आणि म्हणाले, "यातलं सगळं खा." चिंचेची आमटी पुन्हा सुरू झाली, सांध्यांनी तक्रार केली नाही.

आहाराचा संबंध आहे, पण वांग्याशी नाही. वजन जास्त असलं की औषधाचा गुण कमी येतो. स्टेरॉइड चालू असेल तर रक्तातली साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात; म्हणून गोडधोड आवरा, दूध-नाचणी सोडू नका. बांगडा, तारली खात असाल तर उत्तम. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत (निष्कर्ष 2022 चे) पाचेक वर्षं रोज 2000 युनिट ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांत नवे ऑटोइम्यून आजार (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते असे, आमवात त्यातलाच) 22 टक्के कमी आढळले. पण ते आजार होण्याआधीचं झालं. आमवात व्हायला खरा हातभार लावते ती सिगारेट, आणि ती वन्संच्या यादीत नव्हती. कशी असेल? त्यांच्याच गॅलरीत ओढली जाते.

तुमच्याकडेही कोणी यादी घेऊन आलं तर गोळी सुरू केल्याची तारीख तिच्यावरच ठळक लिहा आणि मग श्रेयाचं बोला.

हे सगळं आमवाताबद्दल. सिलिॲक (गहू-जवातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होते तो आजार) असेल तर गोष्ट उलटी, तिथे ग्लुटेन असलेलं सगळं कायमचं सोडणं हाच उपचार. एखादा पदार्थ तुम्हाला खरंच बाधत असेल तर तेवढाच सोडा. सांधेदुखीची निनावी चूर्णं घेऊ नका, असल्या पुड्यांत स्टेरॉइड सापडलेली आहेत. मूल हवं असेल तर मेथोट्रेक्सेटबद्दल आधी डॉक्टरांशी बोला. आणि ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं.